दुसरा ग्लास

१

प्रज्ञा गिऱ्हाइकांना विष घालते, ही बातमी सौंसरभर फिरायला दीड दिवस पुरला. एवढं होऊन तिच्या बापानं केलं काय, तर घराचं दार आतून लावून घेतलं. वत्सलाबाईंना सगळ्यात जास्त संताप आला तो त्या लावलेल्या दाराचा. मंगळवारी सकाळी त्यांनी ते चपलेनं वाजवलं.

"मधुकर, दार उघड. लपून काहून बसला? चोरी केली का तुम्ही?"

मधुकर नगरपालिकेत पाण्याच्या विभागात बाबू. मेव्हणीला तो लग्नापासूनच भ्यायचा. "जय भीम, ताई," एवढं बोलून तो बाजूला झाला. आत प्रज्ञा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, अंगात कामावरचाच काळा शर्ट. तीन दिवस बदलला नव्हता.

वत्सलाबाई तिची सख्खी मावशी, आईची थोरली बहीण. नवरा नाही, मूलबाळ नाही, रागाला मात्र तोटा नाही. सव्वीस वर्षं त्यांनी संत्र्यांचे मोठे बागायतदार-व्यापारी रघुनाथराव यांच्या पॅकिंग शेडमध्ये संत्री निवडली. फळ हातात आलं की ते कोणत्या बहाराचं, झाडावरून तोडलेलं की खाली गळून पडलेलं, हे त्या नुसत्या अंगठ्यानं सांगत. दारूला त्या जन्मात शिवल्या नव्हत्या. भाची नागपूरला हॉटेलचं शिकून आली आणि बोरगावजवळ हायवेवर 'नारिंगी' नावाचा नवा बार निघाला तिथं कॉकटेल करायला लागली, तेव्हा त्यांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता. पण तो घरातला राग. गावानं तिला विष घालणारी म्हणावं, हा वेगळा.

"आता पहिल्यापासून सांग. रडायचं असंन तर आधी रडून घे."

प्रज्ञा रडली नाही. तिनं सांगितलं ते असं. 'नारिंगी'त तिचं एक कॉकटेल चालतं, त्याचं नाव 'बागवान': जिन, पुदिना, काळं मीठ आणि गिऱ्हाइकासमोर सोलून, बिया काढून, हातानं पिळलेला संत्र्याचा रस. रविवारी संध्याकाळी गर्दी झाली. पाच वाजून गेल्यावर रघुनाथराव आले, त्यांनी 'बागवान' मागवलं, घोट घेतला, थुंकला आणि ग्लास फरशीवर आपटला. पुढचं तिच्या तोंडून निघेना, म्हणून तिनं मोबाइल पुढं केला.

पडद्यावर रघुनाथराव उभे होते, पांढरेशुभ्र कपडे, बोट प्रज्ञाकडे. "फवारणीचं औषध टाकलं याच्यात. बाटल्या कोनाच्या हाती द्याव, हे बी आता समजत नाही का लोकायले? यायले डोक्यावर बसवा अन् मंग भोगा."

'यायले' म्हणजे कोणाला, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही.

"मालक काय म्हणते?" वत्सलाबाईंचा आवाज एकदम खाली आला. मधुकरनं मान खाली घातली. हा आवाज चढलेल्या आवाजापेक्षा वाईट, हे त्याला माहीत होतं.

"विनोदभाऊंनी मला काढलं. अन् गुरुवारी पाच वाजता चौकीत तक्रार देणार आहेत, रघुनाथरावांच्या साक्षीवर. कागद लिहून तयार आहे, मावशी. त्याच्यात माझं नाव आहे."

२

"गिऱ्हाइकायनं तुमच्या त्या पानावर जे लिहिलं, ते समदं वाच," वत्सलाबाई म्हणाल्या.

"कायले वाचू? शिव्या आहेत."

"शिव्या मी बी देतो. वाच."

रविवारपासून इंटरनेटवर 'नारिंगी'च्या नावाखाली अकरा जणांनी आपला अनुभव लिहिला होता. प्रज्ञा वाचत गेली. अकरापैकी आठ जण त्या दिवशी तिकडं फिरकलेही नव्हते. 'आम्ही गेलो नाही पण ऐकलं' असं लिहून त्यांनी एकेकच तारा दिला होता, आणि दोघांनी तर प्रज्ञाचं आडनाव शोधून काढून त्यावर लिहिलं होतं. वत्सलाबाईंनी ती दोन नावं पुन्हा वाचायला लावली आणि मनात ठेवली. ग्लासाचं तोंडही न पाहिलेली माणसं चवीवर निकाल देत होती.

उरले तिघे. पांढुर्ण्याची हिमानी, जिनं तो व्हिडिओ टाकला होता, लिहीत होती: 'मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलो. पहिला बागवान यायला पंधरा मिनिटं लागली, पण अमृत. दुसरा दोन मिनिटांत आला तो कडूजहर. मैत्रिणीला उलट्या झाल्या. या बाईला पोलिसात द्या.' दुसरा स्वप्निल नावाचा बँकेतला मुलगा: 'दीडपासून सहा वाजेपर्यंत बसलो. तेवढा वेळ लाईट नाही, जनरेटर दुरुस्तीला. पंखे बंद, बिअर कोमट, वेटर हसत नाही, खुर्ची टोचते. शेवटी बागवान घेतला तर फेसाळ पाणी, गराची एक रेषा नावाला नाही, आणि कडू.' तिसरी सरला नावाची बाई: 'मुलीसाठी बिनदारूचा नुसता संत्र्याचा रस सांगितला होता, तोही कडू. लहान लेकरांना तरी सोडा.'

वत्सलाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. शेडमध्ये पेटी तपासतानाही त्या अशाच बसत.

"लेकराच्या ग्लासात दारू नव्हती, तरी कडू. म्हंजे खोट बाटलीत नाही, रसात. पहिल्या ग्लासाचा रस कोनं काढला?"

"मीच. हातानं. म्हणून तर वेळ लागतो."

"अन् दुसऱ्याचा?"

"पाचनंतर एकदम गर्दी झाली. वैभव स्टीलचा जग घेऊन आला, आमचा मॅनेजर. म्हणाला, आत्ताच काढला, ताजा आहे, याच्यातूनच दे. त्या जगातून पाच-सहा ग्लास गेले. त्यातलाच एक रघुनाथरावांचा."

"तू चाखला?"

"नाही."

"दुसऱ्यानं काढलेला रस न चाखता लोकायले पाजला? शिकायले नागपूरले कायले गेली होती मंग?" त्या कडाडल्या, आणि लगेच स्वतःला आवरलं. "मागून तरी चाखला का?"

"सगळे ओरडत होते तेव्हा बोट बुडवून चाखला. आधी गोड लागला, मावशी. मग गिळल्यावर घशात कडू."

वत्सलाबाईंनी मांडीवर थाप मारली. "मंग औषध नव्हे ते. औषधाचा आधी नाकाले वास येते. आपल्याकडचा संत्र्याचा रस काढून ठेवला का दोन-तीन घंट्यात कडू पडते. बियांसगट मिक्सरमधून फिरवला तर जास्तच. रेषा नाही, फेस आहे, म्हंजे मिक्सर. बागेतल्या शेंबड्या पोरालेबी समजते हे."

मधुकरचा चेहरा उजळला. "मग चूक झाली म्हणा की. शिळा रस होता, सांगून टाकू मालकाला."

"थांब," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची शीर उठली होती. "बागेतल्या शेंबड्या पोरालेबी समजते, म्हनलं मी. आता सांग, रघुनाथराव कोन आहे?"

३

बुधवारी सकाळच्या पहिल्या बसनं मावशी-भाची पांढुर्ण्याला गेल्या. स्टेशनच्या रस्त्यावर हिमानीचं ब्युटी पार्लर होतं. प्रज्ञाला दारात पाहून तिच्या हातातला कंगवा खाली आला.

"तुम्ही इथं कशा आल्या? माझी मैत्रीण अजून नीट जेवून नाही राहिली."

"तू चिडली ते बरोबर केलं," वत्सलाबाई तिथल्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पैसे टाकून कडू पाणी प्यायले कोनी जात नाही. मीबी चिडली आहो. फक्त तुहा राग कोनावर पाह्यजे, ते मले पाह्याचं आहे. दोन गोष्टी सांग. मैत्रिणीले उलटी केव्हा झाली?"

हिमानीनं आठवलं. "ते काका औषध-औषध ओरडले, त्याच्यानंतर."

"तिचा ग्लास केव्हा संपला होता?"

"त्याच्या आधीच. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. आम्ही नुसते कडू-कडू करून हसत होतो." बोलता बोलता तिचा आवाज मंदावला. "औषध ऐकलं अन् तिनं पोट धरलं."

"दुसरी गोष्ट. तो व्हिडिओ तू काढला ना? काका उभे राहतात तिथूनच काहून सुरू होते तो?"

"मी केक कापायचा काढून राहिली होती. मागं ते बसलेले. आधीचा तुकडा कापून टाकला मी, भांडणाचाच हवा होता सगळ्यांना."

"पुरा आहे?"

पुरा होता. केक, मेणबत्त्या, टाळ्या, आणि मागच्या टेबलावर रघुनाथराव. वत्सलाबाईंनी चष्मा लावून तो चार वेळा पाहिला. रघुनाथरावांनी घोट घेतला. तोंडात या गालातून त्या गालात फिरवला. गिळला. मग शांतपणे दुसरा घोट घेतला, तोही फिरवला, आणि मान वर करून काउंटरच्या टोकाला उभ्या असलेल्या वैभवकडे पाहिलं. त्यानंतर थुंकले, त्यानंतर उठले, आणि मग आवाज.

हिमानीनं तोंडावर हात ठेवला. "हे मी पाहिलंच नव्हतं."

"समद्यायनं नुसतं ऐकलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "पोरी, हा व्हिडिओ खोडू नको. अन् उद्या चार वाजता 'नारिंगी'त ये. ज्यानं औषध नाव काढलं, त्यालेच विचारू, दुसरा घोट काहून घेतला."

४

त्याच दिवशी दुपारी वत्सलाबाई जन्मात पहिल्यांदा बारमध्ये शिरल्या, पदर डोक्यावर घट्ट घेऊन. प्रज्ञाला त्यांनी बाहेर रिक्षात बसवलं होतं. आत भिंतीवर संत्र्याची चित्रं, आणि खुर्ची खरंच टोचत होती.

मालक विनोद पांढुर्ण्याच्या कापड दुकानदाराचा मुलगा. वाईट माणूस नव्हता, पण मोठ्या माणसानं डोळे वटारले की तो लगेच हो म्हणे. "मावशी, मी काय करू? रघुनाथरावांच्या तोंडून निघालं म्हणजे पत्थर की लकीर. उद्या माझा बार बंद पाडतील."

"पाडतीन. तुम्ही तक्रार द्या, मी कुठं अडवून राहिली? फक्त एक सांगा, संत्री कोनाकडून घेता?"

"आधी त्यांच्याकडूनच. मागच्या महिन्यात प्रज्ञानं त्यांच्या सहा पेट्या परत पाठवल्या. गाडीवाल्यांसमोर एकेक फळ कापलं अन् म्हणाली, हा झाडाखाली गळलेला माल आहे, हा मी लोकांना पाजणार नाही. तेव्हापासून बोरगावच्या दुसऱ्या बागेतून येतो."

वत्सलाबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. पोरीनं घरी अवाक्षर काढलं नव्हतं. रघुनाथरावांचा माल, तोही गाडीवाल्यांसमोर, तोही या घरातल्या पोरीनं परत पाठवला. शेडमध्ये सव्वीस वर्षं त्यांच्यासाठी खिडकीत वेगळा कप ठेवलेला असायचा, कान तुटलेला. बाकीच्यांचे कप आत मोरीत धुतले जात, तो त्यांनी स्वतः बाहेरच्या नळावर धुवायचा.

मॅनेजर वैभव टाय सारखा करत आला. तिशीचा, गुळगुळीत बोलणारा, रघुनाथरावांच्या बहिणीचा मुलगा. मामांच्या शब्दावरच इथं लागलेला.

"त्या जगातला रस तुम्हीच काढला ना, भाऊ?"

"हो. गर्दी होती म्हणून मदत केली. सव्वापाचला मिक्सरमधून फिरवला, मीच चाखला. मस्त गोड होता. पुढं काउंटरवर तिनं काय मिसळलं ते तिलाच माहीत."

"सव्वापाचले. इथंच, याच मिक्सरमधी?"

"इथंच. दुसरा मिक्सर नाही आमच्याकडे."

"बरं बाप्पा," म्हणत वत्सलाबाई उठल्या. दारात थांबून त्यांनी विनोदला हात जोडले. "उद्या चौकीत जायच्या आधी अर्धा घंटा द्या मले. रघुनाथरावायलेबी बोलवा. म्हनाव, वत्सला माफी मागायले येनार आहे."

५

गुरुवारी चार वाजता रघुनाथराव आले ते माफी ऐकायला, म्हणून मधल्या टेबलावर ऐसपैस बसले. पलीकडं विनोद, त्याच्या हातात तक्रारीचा कागद. वैभव काउंटरला टेकून उभा. हिमानी कोपऱ्यात. प्रज्ञा मावशीच्या मागं, आज धुतलेल्या शर्टात. वत्सलाबाईंनी पिशवीतून स्टीलचे तीन ग्लास काढून टेबलावर ठेवले, तिन्हीत रस.

"हे काय आनलं?" रघुनाथराव म्हणाले.

"रावसाहेब, तक्रारीत साक्षीदार कोन? तुमची जीभ. उद्या साहेब विचारतीन, या मानसाले चवीतलं समजते का? बजारात तर लोक बोलून राहिले का रावसाहेबांची जीभ आता म्हातारी झाली, शेडमधला माल पोरगा चाखते. मी म्हनलं, मी सव्वीस वर्षं पाह्यली ती जीभ. विनोदभाऊनंबी एकदा पाहावी, म्हंजे साक्ष पक्की होईन."

"कोन बोलते?" रघुनाथरावांच्या मानेवर लाली चढली. "आन इकडं."

त्यांनी पहिला ग्लास उचलला, घोट गालातून गालात फिरवला. "मृग बहाराचा माल. हातानं पिळलेला, जेमतेम अर्धा घंटा झाला." दुसरा घेतला. "माल तोच. हातचाच, पन दोन घंटे झाले. मागून कडू उठून राहिला." तिसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. "हा सकाळचा. मिक्सरमधला, बियांसगट भरडला. अशानं रस कडू होते, हे बी समजत नाही का कोनाले?" आणि मिशीवरून हात फिरवत त्यांनी विनोदकडं पाहिलं.

विनोद कौतुकानं मान हलवायला लागला आणि मध्येच थांबला. त्याच्या डोक्यात काहीतरी अडकलं होतं.

"एक बी चुकला नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "पहिला साडेतीनचा, दुसरा दोनचा, तिसरा नवाचा. चार बजारपेठात अशी जीभ नाही. मंग रावसाहेब, रविवारी त्या जिभेले काय झालं होतं? तोच कडूपना, तोच मिक्सर, त्याच बिया. तो शिळा रस आहे हे तुम्हाले पहिल्या घोटात समजलं. औषध कुठून आलं?"

हिमानीनं पुढं येऊन मोबाइल रघुनाथरावांसमोर धरला. पडद्यावर ते स्वतः दुसरा घोट गालात फिरवत होते.

"ज्याले विषाचा संशय येते, तो दुसरा घोट घेते का?" वत्सलाबाईंचा आवाज आता खालचाच होता. "तुम्ही खातरी करून राहिले होते का जग बराबर कडू पडला का नाही. अन् मंग पाह्यलं कोनाकडं, तर भाच्याकडं."

"मामांचा काय संबंध?" वैभव पुढं आला. "रस मी सव्वापाचला काढला, ताजा होता."

"कायच्यावर काढला? स्वप्निल नावाच्या गिऱ्हाइकानं लिहिलं आहे, दीड वाजेपासून सहा वाजेपर्यंत लाईट नव्हती, जनरेटर दुरुस्तीले. पंखे बंद, बिअर कोमट. तुमचा मिक्सर काय रागानं फिरते? विनोदभाऊ, खरं का खोटं?"

"खरं आहे," विनोद हळूच म्हणाला. "लाईट सव्वासहाला आली."

"म्हंजे रस दीडच्या आधी काढून ठेवला. चार घंटे. बोरगावच्या बागेत जन्मलेल्या पोरानं. अन् हिच्या हातात देताना सांगितलं, आत्ताचा आहे." त्या वैभवकडं वळल्या. "तुले नोकरी राखायची होती, समजते. पन या पोरीचं नाव चौकीत लिहिलं गेलं असतं तर ते जन्मभर पुसलं नसतं. हे समजत होतं का नाही?"

वैभवनं टाय सैल केला. मामांकडं पाहिलं, मामांनी नजर खिडकीकडं नेली. बस, तेवढ्यानं तो बोलून मोकळा झाला.

"मामा म्हणाले, नुसता कडू पाज, गिऱ्हाइकं ओरडतील, ती जाईल अन् आपला माल पुन्हा सुरू होईल. औषध म्हणणार हे मला सांगितलं नव्हतं. आईशप्पथ."

विनोदनं कागद टराटरा फाडला, तुकडे कुठं टाकावे ते न समजून खिशात कोंबले. रघुनाथराव उठले. आवाज अजून तोच ठेवायचा प्रयत्न होता. "वत्सला, सव्वीस वर्षं माह्या इथं खाल्लं तू."

"खाल्लं नाही, कमावलं. अन् बाटल्या कोनाच्या हाती द्याव म्हनलं होतं ना तुम्ही? या तीन ग्लासातले रस प्रज्ञानं काढले. तिन्ही तिच्या हातचे. तुम्ही तोंडात फिरवून फिरवून प्याले, अन् वरून मिशीवर हात फिरवला." त्यांनी ग्लास एकेक करून पिशवीत ठेवले. "शेडच्या खिडकीत माहा कप असंन अजून. कान तुटलेला. घरी घेऊन जा. आता गावातले लोक तुम्हाले कशातून पानी देतीन, सांगता येत नाही."

रघुनाथराव गेले. वैभवही मागच्या दारानं गेला, त्याला कोणी थांबवलं नाही.

विनोद प्रज्ञासमोर हात जोडून उभा राहिला. "उद्यापासून ये. चूक झाली."

"चूक रस शिळा होणं असते, विनोदभाऊ," प्रज्ञा म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मावशीसारखा चढला होता. "तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या पानावर सगळ्या गिऱ्हाइकांना उत्तर लिहिलं, की दोषी कर्मचाऱ्याला काढलं आहे. तिथंच लिहा, काय झालं ते. रघुनाथरावांच्या नावासकट. मग ठरवीन, यायचं का नाही."

विनोदनं तिथंच बसून लिहिलं. एक शब्द गाळला की वत्सलाबाई मागून सांगत. हिमानीनं आपलं जुनं खोडलं आणि पुरा व्हिडिओ टाकला. मग प्रज्ञा काउंटरमागं गेली, सुरी धुतली, आणि मावशीच्या बिनदारूच्या रसासाठी दोन संत्री सोलायला घेतली. बारा मिनिटं लागली. वत्सलाबाई त्या टोचणाऱ्या खुर्चीवर हलल्या नाहीत.

घोट घेतल्यावर त्यांनी हिमानीला मोबाइल काढायला सांगितलं.

"माह्या नावानं लिही. वत्सला, सौंसर. रस गोड आहे. हातानं पिळते म्हून वेळ लागते, ज्याले थांबायचं नाही त्यानं घरी पानी प्यावं. काचेच्या ग्लासात दिला, समद्यायले देते त्याच ग्लासात." त्यांनी ग्लास रिकामा केला. "अन् एक तारा कमी दे. खुर्ची खरंच टोचते."